खडूची फुली

एनिड हॉलरॉईड त्या गुरुवारी रेडिओच्या स्टुडिओत गेली ती फक्त मैत्रिणीचा एक निरोप द्यायला. म्युरियलचा घसा बसलाय, आज ती गाणार नाही. एवढं सांगायचं, छत्री झटकायची आणि ट्राम पकडून परत टोप्यांच्या दुकानात. पण माणूस ठरवतो एक आणि मँचेस्टरचा पाऊस ठरवतो दुसरंच. वाऱ्यानं छत्री उलटी झाली, ट्राम पुलावर अडली, आणि ती स्टुडिओच्या दाराशी पोचली तेव्हा सव्वापाचचा नाचगाण्याचा कार्यक्रम सुरू व्हायला जेमतेम अवकाश होता. तिच्या टोपीवरचं हिरवं पीस ओलं होऊन गालाला चिकटलं होतं.

तिनं दारावर टकटक करण्याआधीच दार उघडलं. समोर एक उंच, किडकिडीत तरुण. चेहऱ्यावर तपकिरी ठिपके, कान जरा जास्तच मोठे, आणि डोळे... पण डोळ्यांचं नंतर.

"आलात एकदाच्या! म्युरियलनं पाठवलं ना?"

"हो, म्युरियलनंच पाठवलं, पण –"

"पण-बिण राहू द्या. आत या!"

यात त्याची तरी काय चूक? बँडवाल्यांची रीतच तशी होती. एखाद्याला सर्दी झाली, किंवा दुसरीकडे बरं काम मिळालं, की तो आपल्या जागी कोणाला तरी धाडून द्यायचा. जो दारातून आत येईल तो बदली. त्याला नाव-गाव कोणी विचारत नसे, सरळ वाद्य हातात देत. एनिडच्या हातात वाद्य नव्हतं, अर्थात ती गायिका!

त्यानं तिचा कोपर धरला, वायरींच्या गुंत्यातून तिला पुढे नेलं आणि जमिनीवर खडूनं काढलेल्या एका फुलीवर उभं केलं.

"या फुलीवरून हलायचं नाही. दुसरं गाणं, मधला अंतरा तुमचा. गाणं येतं ना?"

"गाणं येतं हो, पण मी मुळात –"

लाल दिवा लागला.

लाल दिवा लागला की प्रसारण सुरू, मग त्या खोलीत कोणी शिंकायचंसुद्धा नाही. निवेदक एकटाच बोलणार, तोही काळा कोट आणि बो टाय लावून, जसा काही घराघरांतून त्याचे कपडे दिसत होते. बँडच्या प्रमुखालासुद्धा माईकवर चकार शब्द काढायची मुभा नव्हती. निवेदकानं घसा साफ करून सांगितलं की आता 'रेक्स मॉन्टेग आणि त्यांचा बँड' श्रोत्यांचं मनोरंजन करतील. आणि त्या किडकिडीत तरुणानं बँडला ताल द्यायची छडी उचलली.

हा रेक्स मॉन्टेग? एनिड बघतच राहिली. अख्ख्या उत्तर इंग्लंडच्या बायका ज्याच्या नावानं संध्याकाळचा चहा गार करत, तो हा? तिच्या आईनं तर त्याला बारीक मिशी आणि काळेभोर केस बहाल केले होते!

दुसरं गाणं आलं. चॅपेलमध्ये चाळीस गळ्यांच्या आड राहून भजनं म्हणणं वेगळं आणि हे वेगळं. तिनं घाबरून त्याच्याकडे पाहिलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं, गालाला बोट लावलं आणि पीस चिकटल्याची खूण केली. तिला हसू फुटलं... आणि त्या हसण्यातूनच पहिला सूर आला.

दिवा विझल्यावर ती एका दमात म्हणाली, "अहो, मी गायिका नाही! मी टोप्या विकते! म्युरियलचा घसा बसलाय एवढंच सांगायला आले होते!"

ढोलवाला पर्सी खुर्चीवरून घसरेपर्यंत हसला.

"टोप्या विकता?" छडी खिशात घालत तो तरुण म्हणाला. "मग ही जी डोक्यावर आहे, ती विकायची आहे की पुरायची?"

"मघापर्यंत चांगली टोपी होती ही."

"मीही मघापर्यंत रेक्स मॉन्टेग होतो. आता अर्नॉल्ड क्लेग. मुक्काम ओल्डहॅम." त्यानं हात पुढे केला. "पुढच्या गुरुवारी येणार का?"

"म्युरियल येईलच की."

"म्युरियलला म्हणावं, घसा जप. सावकाश बरी हो."

म्युरियल बरी झाली खरी, पण ब्लॅकपूलच्या समुद्रधक्क्यावर कार्यक्रम करणाऱ्या गाणाऱ्यांच्या मंडळीत तिला जागा मिळाली आणि ती आनंदानं तिकडे गेली. म्युरियलचे गुरुवार असे एनिडच्या ओंजळीत येऊन पडले. दुकानाची मालकीण कुरकुरली, पण 'रेडिओवर गाणारी मुलगी' बघायला गिऱ्हाइकं येऊ लागली तशी गोडही झाली.

अर्नॉल्डची गोष्ट तिला तुकड्यातुकड्यांनी कळत गेली. बाप सूतगिरणीत. गिरणीच्या बँडमध्ये हा लहानपणी कॉर्नेट वाजवायचा. मग रॉचडेलच्या नाचघरात, मग स्वतःची मंडळी, आणि एक दिवस रेडिओ. 'क्लेग' नावावर कोण नाचणार, म्हणून फलक रंगवणाऱ्यानं आपल्या मनानं 'रेक्स मॉन्टेग' करून टाकलं होतं.

"तुम्ही चालवून कसं घेतलंत?" एनिडनं विचारलं.

"फलक सुकला होता."

कार्यक्रमाआधी तो खालच्या उपाहारगृहात मटण-बटाट्याचं सारण भरलेली पाई खायचा. हळूहळू तो दोन मागवू लागला. एनिड म्हणायची, मला भूक नाही, आणि सगळी संपवायची.

आणि ती फुली? ती फुली मोठी गमतीची होती. एकच माईक, बारा वाद्यं आणि एक गळा. कोणी कुठे उभं राहायचं हे मिस्टर ऑग्डन ठरवत. काचेपलीकडच्या खोलीत बसून आवाजाचा तोल सांभाळणारे, कायम आंबट तोंडाचे ऑग्डन. प्रत्येकाच्या जागेवर खडूची खूण असे; वाद्यांच्या पुसट झालेल्या खुणा अर्नॉल्ड गिरवून ठेवी. पण एनिडच्या लक्षात आलं, की तिची फुली दर गुरुवारी जरा सरकलेली असते. अगदी बुटाच्या टाचेएवढी. आणि सरकते ती नेमकी अर्नॉल्डच्या दिशेनं!

हे काम कोणाचं, ते तिनं मनाशी ओळखलं होतं. त्याच्या कोटाच्या बाहीला खडू नसतो का लागलेला? ती काही बोलली नाही. उगाच बोलून चांगली चाललेली फुली थांबवायची कशाला! वसंत येता येता ती इतकी जवळ आली, की छडी उचलताना त्याच्या बाहीचा वारा तिच्या गालाला लागायचा.

"आज किती जवळून आला गं तुझा आवाज," आई म्हणायची. स्वयंपाकघरातली सतरंजी गुंडाळून ती दर गुरुवारी शेजारच्या मिसेस प्लॅटबरोबर नाचायची.

मग एक दिवस पर्सीच्या तोंडून कळलं. लंडनच्या एका बड्या हॉटेलानं बँडला बोलावलंय. दर शनिवारी देशभर प्रसारण. अर्नॉल्डचं नशीब उजळणार होतं. "फक्त गाणारी मात्र त्यांची स्वतःची आहे," पर्सी म्हणाला आणि जीभ चावली.

गाणं जाणार याचं एनिडला वाईट वाटलंच, खोटं कशाला बोला. पण टोप्या विकताना गुणगुणता येतं. गुरुवारी सव्वापाचला समोर जे डोळे असायचे, ते कुठून आणायचे? तो जाऊ नये असं तिला वाटत होतं, आणि तो जाऊ नये असं आपल्याला वाटावं याची लाजही वाटत होती.

"लंडनला जाणार म्हणे?" तिनं उपाहारगृहात विचारलं.

"म्हणे." तो चहा ढवळत राहिला. साखर केव्हाच विरघळली होती.

"छानच की!"

"छान?"

"नाही तर काय! अख्खा देश ऐकेल. मीही ऐकेन. आई तर नवी सतरंजी आणेल, गुंडाळायला."

"एनिड, मला जरा –" तो थांबला. "अजून काही ठरलं नाहीये. त्यांचं उत्तर आलं की मग..."

"ठरेल हो," ती म्हणाली आणि उठली. त्या दिवशी तिची पाई तशीच ताटलीत राहिली.

पुढच्या गुरुवारी ती सगळ्यांच्या आधी स्टुडिओत पोचली. फुली होती तिथेच होती, अर्नॉल्डच्या जागेला खेटून. एनिडनं ती बुटानं पुसली. कोनाड्यातला खडू घेतला आणि पहिल्या दिवशी जिथे होती तिथे, लांब, नवी फुली काढली. दूर राहायची सवय आतापासूनच केलेली बरी. डोळे पुसले, नाकाला पावडर लावली आणि जाऊन उभी राहिली.

मंडळी आली, वाद्यं लागली. अर्नॉल्ड आला, तिला तिथे लांब उभी बघून त्याचा चेहरा पडला. तो काही विचारणार, इतक्यात काचेच्या खोलीचं दार धाडकन उघडलं आणि ऑग्डन बाहेर आले.

"माझी फुली कोणी पुसली?"

"मी," एनिड म्हणाली. "मला वाटलं, आता –"

"तुला वाटलं! तीन महिने मी ही फुली इंचाइंचानं सरकवतोय आणि तुला वाटलं!"

"तुम्ही?" एनिड आणि अर्नॉल्ड एकदमच म्हणाले.

"मग काय भुतं सरकवतात? अगं पोरी, गाताना तू माईककडे तोंड करतेस कुठे? बघावं तेव्हा ह्याच्याकडे वळलेली! अर्धा आवाज भिंतीवर जायचा. शेवटी म्हटलं, हिची मान काही सरळ होत नाही, आपणच हिला अशी आणू की ह्याच्याकडे पाहिलं तरी आवाज माईकात पडेल."

एनिडला वाटलं, जमीन दुभंगावी. पर्सीनं हसू दाबायला रुमाल तोंडात कोंबला.

"आणि तू काय दात काढतोस?" ऑग्डन अर्नॉल्डकडे वळले. "हिचा अंतरा आला की लय ओढतोस. संपूच नये म्हणून! कळत नाही होय आम्हाला? बिचारे लोक घरी नाचतात, त्यांचे पाय अधांतरी राहतात."

"बातम्यांच्या आधी मला श्वास घ्यायलाही वेळ उरत नाही," निवेदकानं बो टाय नीट करत दुजोरा दिला.

अर्नॉल्डचे मोठे कान लालबुंद झाले. "एनिड," तो म्हणाला, "मी तुला –"

लाल दिवा लागला.

आता बोला! सगळं उघड झालेलं, आणि अर्धा तास कोणी तोंड उघडायचं नाही. एनिडनं नजर बुटांवर रोवली. बँड वाजू लागला. तिचा अंतरा आला तेव्हा तिनं मोठ्या निग्रहानं माईककडे तोंड केलं... एक ओळ गायली... आणि मान गेलीच वळून! अर्नॉल्ड तिच्याकडेच बघत होता. आणि त्यानं लय ओढली. उघड उघड, निर्लज्जपणे ओढली. काचेपलीकडे ऑग्डननी कपाळावर हात मारून घेतला.

अंतरा संपला. पुढचा भाग नुसत्या वाद्यांचा होता. अर्नॉल्डनं छडी पर्सीच्या मांडीवर ठेवली, वाकून आपले बूट काढले, मोजेच घालून आवाज न करता तिच्यापाशी आला आणि हात पुढे केला.

दर गुरुवारी अख्ख्या उत्तरेला नाचवणाऱ्या त्या खोलीत आजवर कोणी नाचलं नव्हतं. एनिडनं बूट काढले. तिच्या मोज्याचा अंगठ्याशी रफू केलेला भाग उघडा पडला, पण तिकडे बघतंय कोण! तो वायरींतून, खुर्च्यांतून तिला असा अलगद फिरवत होता, की पावलाचा ठोकासुद्धा माईकला ऐकू जाऊ नये. त्याच्या कोटाला ओल्या लोकरीचा आणि थोडासा पाईचा वास होता. तिचं कपाळ त्याच्या खांद्याला टेकलं आणि दोन आठवड्यांनी पहिल्यांदा तिला सुखानं श्वास घेता आला.

नाचता नाचता तो आपल्या जागेशी थांबला. खिशातून खडू काढला, गुडघ्यावर बसला आणि स्वतःच्या पायांच्या खुणेला लागून, अगदी मिठी मारल्यासारखी, एक फुली काढली. मग मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

एनिड त्या फुलीवर जाऊन उभी राहिली.

दिवा विझला. मग तीच म्हणाली, "आणि लंडन?"

"मागच्या आठवड्यातच टेलिफोन केला होता. सांगितलं, गाणारी माझीच येईल, नाही तर मी येत नाही."

"मग?"

"आज सकाळी कळवलं त्यांनी. म्हणाले, मग नका येऊ." तो हसला. "लंडन काही कुठे पळून जात नाही गं. दोन वर्षांनी बोलावतील. नाही बोलावलं तर ओल्डहॅम आहेच. तू मात्र पुन्हा दारात भिजून येशील याची काय खात्री?"

"वेडा आहेस."

"आहे. त्या पहिल्या दिवशी तू 'नाही' म्हणणार होतीस आणि दिवा लागला. आता दिवा विझलेला आहे, एनिड. माझं तुझ्यावर प्रेम आहे. लग्न करशील माझ्याशी? आज 'नाही' म्हणायला पूर्ण मोकळीक आहे."

"क्लेग म्हणून, की मॉन्टेग म्हणून?"

"क्लेग म्हणून. मॉन्टेगच्या मागे अर्ध्या उत्तर इंग्लंडच्या बायका आहेत."

एनिडनं ओलं पीस नसलेली, नवी कोरी टोपी काढून हातात घेतली, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हो." अगदी हळू, ओठांतल्या ओठांत, फक्त त्याच्यापुरतं.

काचेपलीकडे, कानांवरचे हेडफोन अजून न काढलेल्या ऑग्डननी समाधानानं मान डोलवली.

"बरोबर," ते म्हणाले. "आता आवाज अगदी बरोबर येतोय. तिथून हलू नकोस, पोरी."