शांत जागेतलं बोलणं

कान तपासायला गेलो त्या पहिल्याच दिवशी मी कॉपी केली. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी.

तपासायची खोली म्हणजे जाड दाराची पेटीच. आत एक खुर्ची, कानांवर हेडफोन, हातात बटण. बारीक आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. काचेपलीकडे तपासणाऱ्या बाई बसल्या होत्या. आवाज सोडताना त्यांचा उजवा खांदा किंचित हलतो, हे दोन मिनिटांत माझ्या लक्षात आलं. मग काय, खांदा हलला की मी बटण दाबत सुटलो. चौतीस वर्षं वजनमापे निरीक्षक होतो मी. दुकानदारानं काट्याखाली काय चिकटवलंय, ते दारातूनच ओळखायचो. पण बाईही तयारीच्या निघाल्या. त्या उठून आत आल्या, माझी खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि परत गेल्या. त्यानंतर बराच वेळ मी भिंत बघत बसलो. बटण फारसं दाबलंच नाही.

नंतर त्यांनी आलेख दाखवला. डावीकडे बऱ्यापैकी वर असलेली रेघ उजवीकडे घसरत पार तळाला गेली होती.

"जाड आवाज येतात तुम्हाला, बारीक येत नाहीत," त्या माझ्याकडे तोंड करून सावकाश म्हणाल्या. "त्यामुळे कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. हे आजचं नाही, दहा-बारा वर्षांचं आहे. इतकी वर्षं कसं निभावलंत?"

मी हसून वेळ मारून नेली. शेजारी बसलेली माझी मुलगी खाली बघत राहिली.

खरं तर निभावलं बायकोनं. चार माणसांत ती नेमकी माझ्या डाव्या बाजूला उभी राहायची. कुणी काही विचारलं की माझ्याकडे वळून म्हणायची, "अहो, निवृत्त होऊन किती वर्षं झाली, असं विचारताहेत." लोकांना वाटायचं, बाईला मध्ये मध्ये बोलायची सवय आहे. लोकांचं ते हसणं तिनं माझ्यासाठी सोसलं, आणि मी तिला एकदाही सांगितलं नाही की मला कमी ऐकू येतं. तिला माहीत नसावं, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. घरात दोघंच असलो की मी मान डोलवायचो. 'हो', 'बरं' आणि 'करतो' एवढ्यावर संसार होतो, हे मी अनुभवानं सांगू शकतो.

मग ती आजारी पडली आणि तिचा आवाज अगदीच खाली गेला. एका दुपारी, दोन वाजले असतील, तिनं माझं मनगट धरलं आणि बोलायला लागली. दोन तास बोलत होती. नजर छताकडे, त्यामुळे ओठही नीट दिसेनात. मला ऐकू येत नाही, एवढे चार शब्द मी म्हणू शकलो असतो. मी 'हो' म्हणत राहिलो. शेवटी तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि काहीतरी विचारलं. मी म्हणालो, "हो, करतो." तिचे डोळे भरून आले. तिनं मनगट सोडलं. तिसऱ्या दिवशी ती गेली.

"आई शेवटी काय बोलली, बाबा?" मुलीनं विचारलं.

"तुझी आठवण काढत होती," मी म्हणालो.

माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ती रडली. मीही रडलो, पण मला स्वतःची किळस येत होती. मी काय करायचं कबूल केलंय हे मला माहीत नव्हतं, आणि विचारायला आता कुणी उरलं नव्हतं.

या सगळ्याला आठ महिने झाल्यावर मुलीनं मला हट्टानं तपासणीला नेलं होतं. पुढच्या आठवड्यात मशिनं आली. कानामागे बसणारी, शेंगदाण्याएवढी. बाईंनी ती घालायला शिकवलं, रोज थोडा थोडा वेळ वाढवत जा म्हणाल्या. घरी आल्यावर आरशात पाहिलं आणि मी ती काढून बायकोच्या पलंगाशेजारच्या खणात टाकून दिली. त्या खोलीत मी झोपत नाही. मुलगी दिवसभर कामावर असते आणि राहते तिच्या घरी. विचारणारं कुणी नव्हतं.

आठवड्यानं बाईंनी मशिनं कॉम्प्युटरला जोडली.

"दिवसाला चोवीस तास?" त्या म्हणाल्या. "आजोबा, झोपेतसुद्धा घालता?"

मशीन किती वेळ चालू होतं आणि भोवती कसले आवाज होते, याची नोंद ते स्वतःच ठेवतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बंद करायला बॅटरीचं झाकण उघडून ठेवायचं असतं, ते मी विसरलो होतो. चोरी पकडली गेली. खणात होती, असं मी कबूल केलं आणि कान गरम झाले.

बाई रागावल्या नाहीत. पडद्याकडे बघत राहिल्या. "खणात होती म्हणता, तर मग बावीस तास शांतता बरोबर आहे. पण रोज दोन तास 'शांत जागेतलं बोलणं' दाखवतंय. जवळून, हळू आवाजातलं."

"टीव्ही असेल," मी म्हणालो. टीव्ही मी वर्षभर लावलेला नाही.

काटा चुकीचं दाखवतो तेव्हा आधी काटा तपासायचा, हा माझा धर्म. बाईंनी मशिनं बदलून दिली. मी एक त्या खणात ठेवलं, दुसरं स्वयंपाकघरात. स्वयंपाकघरातल्यानं नुसती शांतता नोंदवली, खणातल्यानं रोज दोन तास बोलणं. पुढच्या आठवड्यात जागा अदलाबदल केल्या. पुन्हा खणातलंच. त्यानंतर आठवडाभर झाकण फक्त सकाळी लावलं: काही नाही. मग आठवडाभर फक्त दोन ते चार, आणि तेवढा वेळ घराला कुलूप लावून मी बाहेर चकरा मारत राहिलो.

"दोन तास," बाई म्हणाल्या. या वेळी त्यांनी कसलंही कारण शोधलं नाही.

आता करण्यासारखं एकच उरलं होतं, आणि ते मी पंधरा दिवस टाळलं. भीती वाटत होती म्हणून नव्हे. बायको तेच पुन्हा सांगत असेल आणि मला ते ऐकू आलं, तर मी काय केलं नाही तेही कळणार होतं.

शेवटी एका दुपारी मशिनं कानांत घालून तिच्या पलंगाशेजारी, ती बोलत होती तेव्हा बसलो होतो त्याच खुर्चीत बसलो. पंख्याची कुरकुर ऐकू आली. माझ्या शर्टाच्या बाहीचा आवाज ऐकू आला, तो मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. चार वाजेपर्यंत दुसरं काहीच नाही. असा मी पाच दिवस बसलो. त्या पाच दिवसांच्या नोंदीत बोलणं नव्हतं. शनिवारी मशिनं खणात ठेवून बाहेर गेलो. सोमवारी बाईंनी नोंद काढली: शनिवारी पुन्हा दोन तास.

त्या संध्याकाळी मी मुलीला सगळं सांगितलं. तिच्या आईनं तिची आठवण काढली की नाही ते मला माहीत नाही, मला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं, हेही. बोलताना मी टेबलाकडे बघत होतो.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, आईला माहीत होतं."

"काय?"

"तुम्हाला ऐकू येत नाही ते. मी कितीदा म्हटलं, नेऊ या बाबांना तपासायला. ती म्हणायची, राहू दे गं. मलाही कधीकधी बरं पडतं."

मशिनं कानांत होती. शब्द न् शब्द ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली. "मी ऐकते," म्हणाली. "माझे कान चांगले आहेत. एकदाचा सोक्षमोक्ष लावू."

दोनला पाच मिनिटं कमी असताना मी मशिनं काढून खणात ठेवली, झाकणं लावलेलीच. खुर्चीत बसलो. ती दारात उभी राहिली, चौकटीला टेकून.

घड्याळाचा काटा पुढे सरकला. मला काहीच कळत नव्हतं. मी तिच्याकडे बघत होतो.

तिनं टेकलेली पाठ सरळ केली.

पलंगाकडे पाहिलं. चादरीला एक सुरकुतीही नव्हती.

हळूहळू तिचा चेहरा पांढराफटक पडत गेला. एकदा तिनं तोंडावर हात धरला. दोनदा माझ्याकडे पाहिलं, आणि दोन्ही वेळा लगेच नजर काढून घेतली. माझी मुलगी माझ्याकडे असं कधी बघत नाही.

"काय म्हणतेय?" मी विचारलं. माझा आवाज मोठा झाला असावा, कारण ती दचकली.

ती चारपर्यंत तशीच उभी होती. मग आली, माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि तपासणाऱ्या बाई बोलायच्या तसं, तोंड माझ्यासमोर धरून, एकेक शब्द सावकाश बोलली.

"आई तुमची आठवण काढत होती, बाबा."

मी तिच्या ओठांकडे पाहत राहिलो. हे वाक्य मला ओळखीचं होतं.

"हो," मी म्हणालो आणि मान डोलावली.

ती उठली. खण उघडला, मशिनं बाहेर काढली, दोन्ही झाकणं उघडून बॅटऱ्या काढल्या आणि मुठीत घेतल्या. मग माझ्याकडे पाठ करून पलंगाजवळ गेली आणि थोडी वाकली, पडलेल्या माणसाशी बोलताना वाकतात तशी.

समोर कपाटाचा आरसा होता. त्यात तिचे ओठ मला स्वच्छ दिसले.

"हो," ती म्हणाली. "करते."