टाकीतला निळा

१९७४ साली मी माधवनगरजवळच्या एका लहान कारखान्यात केमिस्ट होतो. नायलॉनच्या चिंध्या, मोजे, फाटकी जाळी असा माल आमच्याकडे यायचा. तो आम्लात घालून वाफेवर मोडला की नायलॉनचं मूळ द्रव्य सुटून पाण्यात उतरायचं. पाणी आटवलं की पांढरे खडे मिळत आणि त्यांचं पुन्हा नवं सूत होई. अडचण एकच होती. चिंध्यांचा रंगही पाण्यात उतरायचा, आणि खड्यांत त्याची नुसती झाक राहिली तरी गिऱ्हाईक माल परत पाठवायचं. म्हणून ते पाणी करवंटीच्या कोळशातून गाळायचं. कोळसा रंग धरून ठेवतो. रंग काढणं, हीच माझी नोकरी.

गाळलेलं पाणी एका लोखंडी टाकीत साठायचं. रंग गेला की नाही ते दिसावं म्हणून टाकीला पुढून पाटाएवढी जाड काच होती आणि झाकणाच्या आत दिवा.

श्रावणात लष्करी लिलावातून घेतलेलं ट्रकभर कापड आलं. जुन्या हवाई छत्र्या, सगळ्या पांढऱ्या. रंगूबाई त्यांची शिवण उसवायला बसली. ती वडूजकडची, पन्नाशीची, कमी बोलणारी. त्या दिवशी मात्र एक छत्री मांडीवर घेऊन ती बराच वेळ नुसता हात फिरवत राहिली.

"सायेब, ह्या रसद टाकायच्या छत्र्या न्हवं?"

"असतील. का?"

"माज्या धाकट्या भावानं लिवलं हुतं, गुंडानं. लय उंचावर ठाणं हुतं त्येचं. पीठ, राकेल, समदं छत्रीनं उतरायचं."

एवढं बोलून ती पुन्हा उसवायला लागली. बाकीचं मला मानसिंगनं सांगितलं. तो आमचा बॉयलर सांभाळायचा. त्याआधी फौजेत हवालदार होता. नऊ वर्षांपूर्वी गुंडासकट पाच जण त्या ठाण्यावरून खाली यायला निघाले आणि वाटेत बर्फानं गाठलं. कुणाचं काहीच सापडलं नाही. रंगूबाईनं आजवर भावाचं दिवसपाणी करू दिलं नव्हतं.

त्या कापडाचं पहिलं पाणी टाकीत आलं ते निळं. पांढऱ्या कापडातून निळा कसा येईल? मला तांब्याच्या नळीचा संशय आला. तपासलं, तांब्याचा अंश नव्हता. पाणी कोळशातून पुन्हा गाळलं, स्वच्छ झालं. सकाळी येऊन बघतो तर टाकी निळी. तीनदा कोळसा बदलला, तीनदा तेच. आणि परीक्षानळीत काढून घेतलं तर तेच पाणी नितळ दिसायचं.

मी तासातासाला नोंद करू लागलो. सकाळी सहाला वरच्या कडेला गुलाबी. आठला सोनेरी. दुपारी असा कडक निळा की डोळे मिटावे लागत. संध्याकाळी तांबूस, मग आतला दिवा चालू असूनही काळं. शेडला खिडकी नव्हती. बाहेर तीन दिवस झड लागली होती आणि आभाळ राखेसारखं होतं.

चौथ्या दिवशी निळ्याच्या खाली पांढरं उतरलं. दोन्हींच्या मधली रेघ करवतीसारखी होती.

मानसिंग वाफेचा दाब विचारायला आला आणि काचेपुढं थबकला. त्यानं हळूच टोपी काढली.

"सायेब, ह्यो रंग न्हाई. ह्यो उजेड हाय."

"कसला?"

"बर्फावरचा. तिथं असाच पडतो. आदी शेंड्यावर, मग खाली."

मला भीती वाटली नाही. फक्त माझा आवाज खाली आला, आणि चपला कधी काढल्या ते कळलं नाही.

कारखान्याचे मालक लालासाहेब. त्यांचा फोन आला, मंगळवारी गिऱ्हाईक येतंय, पाणी पाण्यासारखं दिसलं पाहिजे, नाहीतर शेडला कुलूप. सोमवारी सकाळी मी दुप्पट कोळसा भरला आणि पाणी सोडायला गेलो. रंगूबाई नळाच्या चावीवर हात ठेवून उभी होती.

"आजचा दिस ऱ्हाऊ द्या."

"का?"

तिनं काचेकडं बोट केलं. पांढऱ्यावर ठिपके होते. बारीक, काळे, एका ओळीत. मी मोजले. पाच.

ते उतरत होते.

दिवसभर आम्ही तिथंच होतो. भट्टी विझली, चहा निवला. ठिपके थांबत, पुन्हा निघत. काचेला हात लावला तर बोटं बधिर होत होती.

चारच्या सुमाराला पहिला ठिपका काचेच्या खालच्या कडेशी आला आणि दिसेनासा झाला. मग दुसरा. तिसरा. चौथा.

पाचवा थांबला होता.

"मागं बगतुय," रंगूबाई म्हणाली. "ल्हानपनीबी असाच मागं ऱ्हायचा." मग काचेजवळ तोंड नेऊन ती अगदी हळू म्हणाली, "चल रं गड्या. अंधार पडंल."

तो हलला. खाली आला. कडेपार गेला.

रंगूबाईनं पदरानं तोंड पुसलं. "काढा आता रंग," ती म्हणाली.

ह्या वेळी कोळशानं तो एका फेरीत धरला. मंगळवारी निघाले तसे पांढरे खडे मी पुन्हा कधी बघितले नाहीत. गिऱ्हाईक खूश झालं. रंगूबाईनं आठ दिवसांची रजा मागितली.

"दिवसपाणी करणार का?" मी विचारलं.

"न्हाई. घर सारवून घ्येते. कोन आलं तर बरं दिसाया पायजे."

ती दुपारच्या एसटीनं वडूजला गेली. आम्ही टाकी रिकामी केली, धुतली, झाकणाचे बोल्ट आवळले.

बुधवारी सकाळी मी शेड उघडली. टाकीची काच आतून धुक्यानं भरली होती. मधे तळहाताएवढी जागा कुणीतरी पुसली होती, आतूनच.

पुसलेल्या जागेच्या कडेचे थेंब अजून खाली ओघळत होते.