वाटीभर दूध

बारामतीत एसटी स्टँडजवळ, चष्म्याच्या दुकानावर माझी समुपदेशनाची खोली आहे. खाली रसवंतीचे घुंगरू दिवसभर वाजतात. सगळे डॉक्टर आणि सगळे देव करून झाले की माणसं माझ्याकडे येतात. काटेवाडीच्या म्हाळसाबाईही तशाच आल्या.

त्यांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट आकड्यासारखं वाकून ताठ झालं होतं. तपासण्यांत दोष नव्हता. सून रोहिणीचे दिवस भरत आले होते आणि बाईंना नातवंडाला पायावर घेऊन न्हाऊ घालायचं होतं.

"ह्ये बोट लेकराच्या डोळ्यात जायाचं," त्या म्हणाल्या.

ते बोट त्या सारखं पदराला पुसत. टोक पांढरं, सुरकुतलेलं, धुणं धुतल्यावर होतं तसं. बाकी हात कोरडा. मनाच्या तळाशी दडलेलं घामावाटेही बाहेर येतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. त्यावरच तर माझं पोट चालतं.

"कधीपासून?"

"मेंढरं इकली तवापासनं."

बाईंच्या पोरानं भाजीपाल्याची शेती धरली आणि पिढीजात कळप इंदापूरच्या बाजारात गेला. त्यात आई मेलेलं एक कोकरू होतं. अशा कोकराला दुधात बुडवलेलं बोट चोखायला देतात, म्हणजे ते वाटीतलं दूध प्यायला शिकतं. बाजारातही ते बाईंचं बोट चोखत होतं. व्यापाऱ्यानं ओढून नेलं.

"रडलात?"

"जनावरापायी कोन रडतं? समदी हासली असती."

न रडलेलं रडू बोटात जाऊन बसलं होतं. मी मनातून खूश झाले. इतकी सरळ केस क्वचित मिळते.

पुढच्या खेपेला म्हटलं, "ते कोकरू समोर आहे असं समजा आणि त्याला निरोप द्या."

बाई खुर्ची सोडून फरशीवर बसल्या, हात पुढे केला. बोट हळूहळू आत-बाहेर होऊ लागलं. मनगट मात्र स्थिर होतं. खोलीत निरशा दुधाचा वास आला. खाली रसवंती, यायचा तर उसाचा यायला हवा.

"मी सोडलं तर त्येला कोन हाय?"

"मी आहे ना," मी म्हणाले. हे मी सगळ्यांनाच म्हणते.

त्यांनी मला निरखून पाहिलं. "बगा हां, मॅडम." मग हळू आवाजात, "सोड आता, बाळा."

चोखणाऱ्या तोंडातून सुटल्यासारखा बारीकसा आवाज झाला. बोट सरळ झालं. बाई हमसून रडल्या. माझेही डोळे भरले, आणि मी ते लपवले नाहीत.

काल काटेवाडीला गेले. बाई अंगणात पाय पसरून नातीला तेल चोळत होत्या, दोन्ही हातांनी. नात लाथा झाडत होती. इतका आनंद मला कित्येक दिवसांत झाला नव्हता. निघताना त्यांनी हळूच विचारलं, "पितंय न्हवं नीट?"

मी हसण्यावारी नेलं.

आज दुपारी खोलीत एकटीच होते. डावा हात खुर्चीवरून खाली सोडलेला.

बोटाला ऊब लागली.

मग ओल. मग हलकी ओढ.

मी हात मागे घेतला नाही. उजव्या हातानं खालच्या चहावाल्याला फोन लावला. म्हटलं, आज चहा नको. वाटीभर दूध पाठव, कोमट.