रविवारचा कॉल कोण घेत होतं?

ही गोष्ट ऐकीव नाही. माझ्या घरात, माझ्या लॅपटॉपवर घडली आहे. विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण वाचून झाल्यावर "ड्रायव्हर अपडेट करा" असा सल्ला मात्र देऊ नका.

ते करून झालंय.

म्हैसूर. बोगादी. अमावस्या नव्हती, रात्रही नव्हती. रविवारची दुपार होती, टळटळीत ऊन होतं आणि खाली घरमालकीणबाई कपडे वाळत घालत होत्या.

मी सुधींद्र, इथल्या एका कॉलेजात कॉमर्स शिकवतो. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरातलं, त्यामुळे आमचं मराठी म्हणजे निम्मं कन्नड. लिहिताना मला शुद्ध मराठी जमतं. बोलताना मात्र दर वाक्यात 'जरा'च्या जागी 'स्वल्प' नाहीतर 'उगाच'च्या जागी 'सुम्ने' येतंच, त्याला माझा इलाज नाही.

बायको तुंगा आणि मी वेगळे झालो. ती नोकरीसाठी पुण्याला गेली आणि शरण्या, आमची सहा वर्षांची मुलगी, तिच्याबरोबर गेली. कोर्टाने ठरवून दिलं की दर रविवारी चार वाजता बापाने मुलीशी व्हिडिओ कॉलवर बोलायचं. वारंवार चुकवलं तर तेही बंद.

तेवढंच माझ्या हातात उरलं होतं. आठवडाभर मी त्या कॉलची वाट बघत जगायचो.

त्या रविवारी जेवून लॅपटॉप मिटला आणि जरा लवंडलो. चारच्या आधी उठून उघडला…

वायफायची खूणच नाही.

एकही नेटवर्क दिसेना. बंद करून चालू केला. राउटरची वायर काढून लावली. चार वाजून गेले. शेवटी कॉलचं तेच खातं मोबाइलवर उघडलं. तिथे एक ओळ आली…

"तुम्ही सध्या दुसऱ्या उपकरणावर कॉलमध्ये आहात."

मी? मी तर लॅपटॉपसमोर डोकं धरून बसलो होतो.

कॉलची वेळ संपल्यावर वायफाय आपोआप परत आलं. तुंगाला माफीचा मेसेज टाईप केला आणि पुसून टाकला. कॉल चुकल्याचं लेखी काही द्यायचं नाही, अशी वकिलांची ताकीद होती.

पुढच्या रविवारी तेच झालं. त्याच्या पुढच्याही.

आमच्या काकांचा नील हूटगळ्ळीच्या एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळतो. त्याने समजावलं की लॅपटॉप झोपताना बॅटरी वाचवायला वायफायचं कार्ड बंद करतो आणि उठल्यावर कार्डाला उठवायचं विसरतो. सेटिंगमधली ती टिक त्याने काढली. ड्रायव्हर नवीन टाकला. मग आठवडाभर मी वेड्यासारखा लॅपटॉप मिटत आणि उघडत होतो. वायफाय एकदाही गेलं नाही.

रविवारी नील मुद्दाम माझ्याजवळ येऊन बसला. चार वाजता लॅपटॉप उघडला…

गेलं.

नील मोबाइलवर राउटरचं पान उघडून बघत होता. त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला.

"अण्णा, स्वल्प इकडे बघ," तो म्हणाला. "हा लॅपटॉप जोडलेलाच आहे. आत्ता याच्यावर व्हिडिओ चाललाय."

स्क्रीनवर काहीच नव्हतं. फक्त कॅमेऱ्याशेजारचा बारीक दिवा लागला होता.

आणि स्पीकरमधून… फार लांबून आल्यासारखं…

शरण्याचं हसू.

नीलने लॅपटॉप धाडकन मिटला. हसू तरीही चालूच राहिलं. आम्ही दोघं मिटलेल्या लॅपटॉपकडे बघत बसलो होतो आणि आत माझी मुलगी कुणाशी तरी खिदळत होती. इतकी खूश ती माझ्याशी बोलताना कधीच नसायची.

चारच दिवसांनी पुण्याला तारीख होती. एवढे कॉल चुकलेले, आता सगळं संपलं म्हणून मी हात जोडायच्या तयारीनेच गेलो. पण तुंगाच्या वकिलांनी उठून सांगितलं की वडील एकही रविवार चुकवत नाहीत, मुलगी आनंदात आहे, आमची काही तक्रार नाही. कोर्टाने दसऱ्याच्या सुट्टीत शरण्याला माझ्याकडे पाठवायची परवानगी दिली.

बाहेर आल्यावर तुंगा किती दिवसांनी हसून बोलली.

"शरू सांगत होती, बाबा हल्ली तिच्या टीचरसारखं मराठी बोलतो. एक कन्नड शब्द नाही. एनु, काय, क्लास लावलात का?"

तो मी नव्हतो, हे तिला तिथेच सांगायला हवं होतं. पण सांगून काय झालं असतं? एकतर मी वेडा ठरलो असतो, नाहीतर कॉल चुकवणारा बाप. दोन्हीकडून शरण्या गेलीच असती.

मी हो म्हणालो.

परत आल्यावर नीलने आतलं कार्डच काढून टाकलं आणि बाहेरून यूएसबीचं लावलं. हे काम त्याने रस्त्यावर, बाइकच्या सीटवर लॅपटॉप ठेवून केलं. माझ्या घरात तो आता पाऊल टाकत नाही.

गेल्या रविवारी लॅपटॉप उघडला. वायफाय होतं. कॉल लगेच लागला आणि शरण्या समोर आली. मला रडूच फुटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने माझ्या मागे बघितलं…

"आज मागच्या खोलीत नाही बसलास?"

कुठली मागची खोली, मी विचारलं. ती म्हणाली, स्वयंपाकघराच्या मागची, निळ्या भिंतींची. सुट्टीत तिने तिथेच झोपायचं, हे ठरलंय म्हणे.

मी वरच्या मजल्यावर राहतो. माझ्या स्वयंपाकघरामागे खोली नाही. भिंत आहे आणि भिंतीपलीकडे खाली रिकामा प्लॉट आहे.

या शनिवारी तिचा मामा तिला इथे सोडायला येतोय. नको म्हणालो, तर बापानेच नाकारलं असं कागदावर येईल आणि ती पुन्हा कधी मिळणार नाही. येऊ दिलं, तर… काय होईल ते मला माहीत नाही. मी दिवसातून दहादा त्या भिंतीला कान लावतो. काही ऐकू येत नाही. तरी भीती जात नाही, आणि शरण्या यावी असं वाटणंही थांबत नाही.

कॉल ठेवण्याआधी मी लाडाने म्हणालो, "स्टेशनवर घ्यायला मी येतो हं, पुट्टी."



"तू येणार?" तिने हळूच विचारलं. "बाबा नाही येणार?"

मीच बाबा आहे, असं मी तिला सांगितलं.

तिचा चेहरा पडला.