उलट फिरताना

धातू कापायच्या मिलिंग मशीनला मोटर जोडून ते संगणकावर चालवायचं ठरवलं, की पहिला प्रश्न येतो स्क्रूचा. म्हणजे टेबल पुढे-मागे सरकवणारा तो लांब स्क्रू. मशीनबरोबर येतो तो साधा, पितळी नटाचा. त्याहून चांगला बॉल स्क्रू, जो छऱ्यांवर चालतो. त्यातही रोल केलेला, की घासून अचूक केलेला, म्हणजे ग्राइंड केलेला? मी तीन आठवडे तक्ते वाचले आणि ग्राइंड केलेला, दुहेरी नटाचा मागवला. पंपांच्या कारखान्यात एकोणीस वर्षं ड्रॉइंग काढतोय. मला कोणी शिकवायला नको.

माझ्या साडूने काहीच मागवलं नाही. त्याचं बुटांचं दुकान आहे. दुपारी ते बंद करून तो घरी येतो, मेहुणी तेव्हा नोकरीवर असते. मी घरी हौसेने मशीन घेतलं म्हणून त्याच आठवड्यात त्यानेही तेच घेतलं. स्क्रू कुठला बसवणार विचारलं, तर म्हणाला, आहे तो काय वाईट आहे?

आता वाईट काय ते सांगतो. हँडल उलट फिरवलं की टेबल लगेच मागे येत नाही. स्क्रू आणि नट यांच्यात जेवढी फट, तेवढं हँडल नुसतंच फिरतं. याला प्ले म्हणतात. मशीनवर वर्तुळ कापलं की जिथे जिथे टेबल दिशा बदलतं, त्या चार जागी प्लेमुळे बारीक पायरी उमटते. डोळ्याला दिसत नाही, नखाला लागते.

आमचे सासरे टूलरूमचे फोरमन होते. त्यांच्याकडे मापाच्या पोलादी ठोकळ्यांची पेटी आहे, आयुष्यभर जिवापाड जपलेली. दोघा जावयांना त्यांनी सांगून टाकलं होतं, ज्याचं वर्तुळ नखाला लागणार नाही त्याची पेटी. ती पेटी मला हवी होती. खरं सांगायचं तर ती साडूला मिळायला नको होती.

एवढा भारी स्क्रू लावूनही माझ्या वर्तुळावर चार पायऱ्या लागल्या. साडूच्या वर्तुळावर सासऱ्यांनी तीनदा नख फिरवलं आणि ते खिशात टाकलं. पेटी अजून एक फेरी बघून देणार म्हणाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पुढच्या रविवारी दुपारी मी डायल, म्हणजे केसाएवढी हालचालही काट्यावर दाखवणारं मापक, घेऊन त्याच्या गॅरेजमध्ये गेलो. मोटर सोडवली, हँडल लावलं, टेबलाला डायल टेकवला. हँडल पुढे फिरवलं, मग मागे. काटा त्याच क्षणी मागे आला. पुन्हा करून पाहिलं. चार वेळा पाहिलं. प्ले शून्य. नट आवळून प्ले मारता येतो, पण मग हँडल जड होतं. हे एका बोटाने फिरत होतं.

"काय केलंस रे?" मी विचारलं.

साडू खिडकीकडे तोंड करून उभा होता. मी डायल त्याच्या डबीत ठेवला, झाकण लावलं, तेव्हा तो वळला. "काही नाही," म्हणाला.

तो हल्ली असाच करायचा. मेहुणी सांगत होती, हाक मारली की ओ उशिरा येते. जिन्यावरून परत फिरायचं असलं की आधी नुसताच उभा राहतो. डॉक्टरला काही सापडलं नाही. मी तोंडदेखलं हळहळलो. आतून बरं वाटलं, चला, याचंही काहीतरी बिघडलंय.

मी स्क्रू मागितला. महिनाभरासाठी, नटासकट. बदल्यात माझा ग्राइंड केलेला घे म्हटलं.

बराच वेळ गेला. मग त्याने विचारलं, "दुपारी तुझ्या घरी कोण असतं?"

"बायको."

"मग नको."

मला वाटलं, पेटीसाठी बहाणे करतोय. बुधवारी सकाळी तो दुकानात असताना मी मेहुणीला सांगितलं की साडूभाऊंनी मशीन बघायला बोलावलंय. तिने गॅरेज उघडून दिलं. दोन तासांत त्याचा स्क्रू काढून माझा बसवला. चोरी म्हणू नका, माझा दुप्पट भारी होता.

घरी येऊन जोडला. प्ले शून्य. शनिवारी वर्तुळ कापलं, रविवारी सासऱ्यांनी नख फिरवलं आणि पेटी माझ्या हातात दिली. साडूही आला होता, पण वर्तुळ न कापता. कोणी हाक मारली की झटकन वळत होता, हसत होता. स्क्रूबद्दल एक अक्षर बोलला नाही. फक्त सारखा माझ्या बायकोकडे बघत होता.

मंगळवारी बायकोने मला चहा दिला. मी कप धरला, तिची बोटं सुटेनात. कप ओढावा लागला. मी रिकामा कप खाली ठेवला, तेव्हा तिने हात मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी स्टॉपवॉच लावून हाक मारली. चार सेकंद. शुक्रवारी सात. स्क्रूमधला प्ले कुठे गेला ते मला कळलं.

शनिवारी सकाळी मी स्क्रू काढला. हाक मारली, तर नाव पूर्ण व्हायच्या आत ती दारात हजर. "काय रे, कशाला बोंब मारतोस?" स्क्रू वर्तमानपत्रात गुंडाळला आणि तडक साडूकडे निघालो. पेटी मिळाली होती. आता हे लचांड नको.

गॅरेजचं दार अर्धं उघडं होतं. आत सासरे स्टुलावर बसले होते, साडूने कापलेलं नवं वर्तुळ हातात घेऊन. माझ्या स्क्रूवर कापलेलं.

"चार ठिकाणी लागतंय," साडू म्हणाला.

"लागू दे," सासरे म्हणाले. "त्याचं मशीनने काढलंय. हे तू काढलंयस, बाळा."

बाळा. सतरा वर्षांत मला कधी म्हणाले नाहीत. पेटी दिली तेव्हासुद्धा नाही.

त्यांनी मला पाहिलं नव्हतं. मी तसाच मागे फिरलो. घरी आलो, वर्तमानपत्र सोडलं, स्क्रू पुसला, तेल दिलं.

बायको आत गाणं गुणगुणत होती.

शेवटचा बोल्ट आवळला आणि गाणं थांबलं.

रोज नवं वर्तुळ कापतो. एकाहून एक सरस. एक ना एक दिवस सासरे मलाही तसं म्हणतील.

सकाळी कामाला निघताना मी दारात "येतो गं" म्हणतो. ती बघत उभी राहते, ओठ मिटलेले. काल तिचं उत्तर आलं तेव्हा मी तिसऱ्या घरापर्यंत पोचलो होतो.

आज कोपरा ओलांडला, तेव्हा मागून ऐकू आलं, "लवकर ये."