आईच्या हातातलं जेडचं कडं

खरं माना किंवा सोडून द्या, पण यातलं काहीही मी पदरचं घातलेलं नाही. मी तिथेच होते.

डिसेंबर २०११. चीनमधल्या तेंगचोंगमधलं आमचं घर. भर दुपार.

आई शेवटच्या घटका मोजत होती. तिच्या हातात लग्नापासूनचं जेडचं, म्हणजे हिरव्या मौल्यवान दगडाचं, कडं होतं. आमच्याकडे मानतात, जेड माणसाच्या अंगावर जगतं आणि त्याच्यावरचं संकट स्वतः घेऊन फुटतं.

माझी भावजय, वेइझेनवहिनी, साबणाचं पाणी घेऊन आली.

"आई, नंतर हात ताठरला की निघायचं नाही. आत्ताच काढते."

"जीव आहे गं अजून," आई पुटपुटली. "जरा थांब की."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. "चिनफेंग, बघत काय बसलीस? हात धर!"

मी धरला.

आई तासाभरात गेली.

वहिनीने कडं लगेच हातात चढवलं. सहज गेलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही जेवत होतो आणि...

टिक्... टिक्...

आई भात मागताना कडं वाडग्यावर असंच वाजवायची.

वहिनीचा कड्याचा हात तर मांडीवर होता.

"उंदीर असेल," ती म्हणाली. पण वाडगा तिने खाली ठेवला.

त्या संध्याकाळी ती कडं काढायला बसली. साबण लावला, तेल लावलं.

निघेना.

आठव्या दिवशी ती अंगणाच्या पायरीवरून पडली. मनगटाचा चुरा झाला.

कड्यावर... साधा ओरखडाही नव्हता.

दवाखान्यात हात टम्म सुजला. कडं कापावं लागेल, असं म्हणून डॉक्टर करवत आणायला वळले.

आणि त्या सुजलेल्या हातातून कडं... आपोआप सरकलं. खाली पडलं. कुणी हातही लावला नव्हता.

वहिनी किंचाळली, "आई, मी एकटी नव्हते हो! हिनेही हात धरला होता!"

दादाने ते कडं बाजारात विकायला नेलं. सोबत मी होते. एका बाईला ते आवडलं, तिच्या गरोदर लेकीसाठी.

"कुणाच्या अंगावरचं तर नाही ना?"

"छे हो, नवं कोरं आहे," दादा म्हणाला.

बाईने माझ्याकडे पाहिलं.

मी मान डोलावली.

वहिनीचा हात आजही वळत नाही. मला काहीच झालं नाही... अजून तरी.

त्या बाईचं नाव मला माहीत नाही. लेकीला बाळंतपणासाठी मार्चची तारीख दिलीय, एवढंच ती बोलली होती.