चढी पट्टी

"हा घेऊ नका," माझ्या मागून कोणीतरी म्हणालं आणि माझं डोकंच फिरलं.

आधीच मी तापलेली होते. आमच्या बँडचा गिटारवाला सगळ्यांसमोर म्हणाला होता, की मी सूर सोडते. पुरावा काय, तर त्याच्या मोबाईलवरचं रेकॉर्डिंग. त्यात ड्रमच्या धडधडीशिवाय काही ऐकू येईल तर शपथ. तरी शनिवारच्या कार्यक्रमात माझ्या जागी त्याची मेहुणी गाणार, असं तो जवळजवळ ठरवूनच बसला होता. ज्या बँडसाठी मी घसा फोडला, तिथून मला अशी हाकलणार? म्हटलं, थांब, नीट रेकॉर्ड करून तोंडावरच मारते तुझ्या. म्हणून स्वस्तातला रेकॉर्डर बघायला आले, तर हा कोण उपटसुंभ...

मी वळले. खांद्यावर बेस गिटारची बॅग, कपाळावर केस, आणि चेहरा... बरा होता. त्याचाही राग आला.

"तुम्हाला कोणी विचारलं?"

"कोणी नाही. पण हा मीटिंगसाठीचा आहे. आवाज आपोआप कमीजास्त करतो. ड्रम वाजला, की घाबरून गाणारीलाही खाली ओढतो."

"मी गाते हे कोणी सांगितलं?"

"तुम्हीच. दुकानदाराला सांगत होतात, मी जिन्यात होतो."

मग त्यानं मागच्या फळीवरून एक बोजड, कुरूप डबडं काढलं. आवाजाची पातळी हातानं ठरवायला त्याला चक्री होती. ड्रमपासून लांब, तोंडाच्या उंचीवर ठेवा, म्हणाला. डबडं घेताना बोटाला बोट लागलं – मी हात झटकन मागे घेतला, पण रेकॉर्डर तोच घेतला. आभार वगैरे मानले नाहीत.

दुसऱ्या दिवशीच्या सरावाचं रेकॉर्डिंग अगदी स्वच्छ आलं. इतकं स्वच्छ, की प्रत्येक कडव्यात खाली उतरणाऱ्या ओळीत माझा सूर पडलेला सगळ्यांनी ऐकला. गिटारवाल्यानं ती ओळ मागे नेऊन पुन्हा लावली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर आले, तर दारात दुकानातला तोच उभा. आमच्यानंतर सरावाची ती खोली त्याच्या बँडची होती म्हणे. त्याच्या डबड्यानं माझा घात केला, असं मी त्याला नाही नाही ते सुनावलं. त्यानं शांतपणे माझ्या हातातला रेकॉर्डर घेतला, इअरफोन लावले आणि डोळे मिटून ऐकू लागला. पापण्या लांब होत्या. अशा वेळी मला पापण्या दिसाव्यात, म्हणून मी स्वतःवरच चिडले.

"सूर पडतोय," तो म्हणाला.

दुसऱ्या कोणी गोड बोलून वेळ मारून नेली असती.

"पण पट्टी कोणी ठरवली?"

पट्टी गिटारवाल्यानं ठरवली होती, त्याच्या बोटांना सोयीची. आणि हे इतके दिवस माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"तुम्ही भांडता ना, त्या पट्टीत गा," तो हळूच म्हणाला. "तिथे तुमचा एक शब्द पडत नाही."

मी आत गेले आणि पट्टी चढवायला सांगितली. गिटारवाला कुरकुरला, बोटं अडतात म्हणाला. ड्रमवाला म्हणाला, एकदा वाजवून तर बघू. वाजवलं, मी गायले, आणि नवं रेकॉर्डिंग गिटारवाल्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मग त्यानं कोपऱ्यात जाऊन मेहुणीला फोन लावला. शनिवारी येऊ नकोस, म्हणाला.

सराव संपवून बाहेर आले, तर बेसवाला अजून दारातच होता.

"जमलं?"

"जमलं. पण मला तुमचा राग येतो. कालपासून येतोय. जेवतानासुद्धा येतो."

"आता मी काय केलं?"

"तेच तर कळत नाही..." मला थांबवेना. "दुसऱ्या कोणावर चिडावंसंच वाटत नाही हल्ली."

न विचारता सल्ले देणारा तो माणूस कानापर्यंत लाल झाला. आतून त्याचे मित्र हाका मारत होते. तो जागचा हलला नाही.

"शनिवारी... येऊ मी ऐकायला?"

"न येऊन सांगतोस कोणाला," मी म्हणाले.

'तुम्ही'चा 'तू' झाला होता. तो मी परत घेतला नाही.